स्तामेन्काची संदूक

सेलिमिर फाटकातून आत आला तेव्हा स्तामेन्का ट्रॅक्टर मागं घेत होती. गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगाला संदुकीची धार लागली, तसा तिनं ट्रॅक्टर आणखी हातभर रेटला. खत फसकन आत शिरलं. मग तिनं सीटजवळचा दांडा ओढला आणि मागचे दोन लोखंडी हात कण्हत कण्हत वर आले.

संदूक म्हणजे जाड पत्र्याची, मागच्या अंगानं उघडी पेटी. माणूस पाय पसरून आडवा होईल एवढी. स्तामेन्काच्या नवऱ्यानं, तिहोमिरनं, अंग धड होतं तेव्हा स्वतःच्या हातानं वेल्डिंग मारून ती बनवली होती. ट्रॅक्टरच्या मागच्या हातांत अडकवायची, मागं जाऊन भरायची, दांडा ओढून उचलायची आणि रिकामी करायच्या जागी नेऊन सीटमागची दोरी ओढायची. दोरी ओढली की खिटी निसटायची आणि संदूक मागच्या मागं कलंडायची. मग रिकामी संदूक भुईला टेकवून थोडी रेटली की खिटी परत टक्कन बसायची. ट्रॉली जिथं वळत नाही तिथं संदूक जायची. गावातली वाळू, जळण, मका, खत, पडलेल्या भिंतींचे दगड, सगळं कधी ना कधी तिच्यातून गेलं होतं. एका बर्फाच्या साली तर रादेन्कोची कळा लागलेली बायको गोधड्यांत गुंडाळून तिच्यातूनच डांबरी सडकेपर्यंत नेली होती. द्रिना नदीच्या काठच्या त्या गावात कुणाचं काही हलवायचं असलं की माणसं म्हणायची, "स्तामेन्काला हाक मारा."

तशीच हाक मारायला सेलिमिर आला होता. तो गावचा सरपंच. एरवी फाटकाबाहेरूनच ओरडणारा माणूस, पण आज टोपी हातात घेऊन उभा होता.

"स्तामेन्के, इंजिन बंद कर जरा."

"बोल की. येतंय ऐकू."

"न्हाई. बंद कर."

तिनं बंद केलं. जुलैचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

"निकाल आला," सेलिमिर म्हणाला. "रादेन्कोची दोन डुकरं मेली न्हवं का, ती त्या तापानंच. डुकरांचा ताप. मानसाला काय हुत न्हाई, पन डुक्कर एक ऱ्हात न्हाई."

"मग?"

"मग काय, समदी मारायची. आजारी, धडधाकट, पिल्लं, गाभण, समदी. वरनं हुकूम हाय. उद्या मानसं येत्यात. जुन्या वीटभट्टीपाशी खड्डा खनायला घेतलाय."

स्तामेन्कानं मान वळवली. पलीकडं तिची पांढरी डुकरीण, बेल्का, कुशीवर पडली होती आणि पिल्लं तिला रांगेनं लुचत होती.

"ट्रक बोळात शिरत न्हाई," सेलिमिर टोपी फिरवत म्हणाला. "वढत न्यायची म्हटलं तर गावभर रक्त सांडतं, रोग पसरतो म्हनं. दारात मागं जाऊन उचलनारं कायतरी पायजे." तो संदुकीकडं बघत होता. "गावात तुझीच हाय."

"माझीच हाय."

"न्हाई म्हनलीस तर मी काय म्हननार न्हाई बग."

"म्हननार न्हाईस, पन जाशील कुठं?"

स्तामेन्कानं हाताचं शेण मांडीला पुसलं. कुणीतरी करायचं होतंच, आणि ती करेल हे आल्या पावलापासून दोघांना ठाऊक होतं.

"माझ्यापासनं सुरू करा," ती म्हणाली. "म्हंजे कुनाला बोलाय जागा नको."

त्या मुलखात ज्याच्या घरी डुक्कर नाही त्याच्या घरी हिवाळाच नाही. पहिली कडाक्याची थंडी पडली की घरोघरी डुक्कर पडायचं, कापलं जायचं. चरबी कढायची, मांस धुरात टांगायचं, शेजाऱ्यापाजाऱ्याला ताटं जायची. पोरीच्या लग्नाची बोलणी, भावाभावांचा समझोता, सगळं त्या दिवसावर ठेवलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. पांढरे कागदी कपडे, तोंडाला फडकी, हातात कोपरापर्यंत मोजे. त्यांच्यात जनावरांची डॉक्टरीण होती, कोवळी पोर. ती स्तामेन्काला म्हणाली, "मावशी, तुम्ही आत जा ना. बघू नका."

"आत जाऊन काय करू? ट्रॅक्टर कोन चालवनार?"

तिलाही एक कागदी झगा आणि मोजे दिले. ट्रॅक्टरवर बसून, पाठ करून, तिनं इंजिन चालू ठेवलं. इंजिनाच्या आवाजात बाकीचे आवाज बुडाले. मागं वजन पडलं की संदूक थरथरायची आणि तो थरकाप सीटमधून तिच्या कमरेला लागायचा. ते मात्र थांबवता आलं नाही. बेल्का आत पडली तेव्हा तिला वळून न बघताच कळलं.

तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. ती दांडा ओढून निघाली, बोळातून, दुकानावरून, चर्चच्या वळणावरून वीटभट्टीपर्यंत. खड्ड्याशी पाठमोरी झाली. दोरी ओढली. खिटी निसटली, संदूक कलंडली, आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. वरून एका माणसानं चुना टाकला. तिनं संदूक टेकवली, रेटली. टक्. बसली खिटी.

घरी तिहोमिर खिडकीशी पडून होता. दोन वर्षांमागं त्याच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू मेलेली, जीभ जड. त्याचं बोलणं तिलाच कळायचं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आपलं झालं. आता गावाचं."

"घरचं झालं थोडं..." तो म्हणाला आणि म्हण पुरी करायला त्याला जीभ वळवता आली नाही. तिनं त्याच्या तोंडाची लाळ पुसली आणि परत ट्रॅक्टरवर चढली.

मग दारोदार. कुठं बाया पदरात तोंड घालून भिंतीशी बसलेल्या. कुठं पुरुष मुद्दाम शेतावर गेलेले, घराला कुलूप, गोठ्याची किल्ली चौकटीवर. कुणी राकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली पुढं करायचं, कुणी नुसतं बघायचं. जे आजवर "ये स्तामेन्के, बस स्तामेन्के" म्हणायचे ते आता काहीच म्हणत नव्हते. फाटकातून उलटी आत शिरायची, संदूक टेकवायची, भरली की उचलायची.

रादेन्कोचा वराह सगळ्यांत मोठा. जत्रेत बक्षीस मिळवलेला. तो संदुकीत घातला तेव्हा पत्रा करकरला. खड्ड्याकडच्या उतारावर मागं जाताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली. नाकाला बांधलेलं सिमेंटचं वजनही पुरेना. ट्रॅक्टर मागच्या पायांवर उठलेल्या घोड्यासारखा उभा राहिला आणि मागं होता खड्डा.

"सोड! दांडा सोड! खाली घे!" सेलिमिर किंचाळला. डॉक्टरीण पोरीनं डोळे मिटले.

स्तामेन्का आभाळाकडं बघत बसली होती. निळं होतं. एक ढग होता. मग तिनं जणू कुणी मीठ मागितलं असावं तसा हात पुढं केला आणि दांडा खाली ढकलला. संदूक भुईला टेकली, चाकं धपकन खाली आली.

"अगं बये, मेली असतीस की!" सेलिमिर धापा टाकत जवळ आला.

"व्हय," ती म्हणाली. "अर्ध्यापतूरच उचलाया पायजे हुतं." मग तिनं संदूक जेमतेम भुईवरून उचलून खड्ड्याच्या कडेला नेली आणि दोरी ओढली.

त्या वेळी सेलिमिरला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

वुकोसावा काकीचं घर गावाच्या टोकाला, आलुबुखारांच्या बागेला लागून. काकी म्हणजे तिहोमिरची चुलती, म्हणजे स्तामेन्काची चुलतसासू. पण अख्खं गाव तिला काकीच म्हणायचं. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकी आणि जीभ कोयत्यासारखी. गावात राकिया गाळायची भट्टी एकच, तांब्याच्या मोठ्या हंड्याची, आणि ती तिच्या अंगणात. त्यामुळं तिचं बोलणं सगळे ऐकून घेत.

ती फाटकात आडवी उभी होती. हातात काठी.

"माझ्या दारात हे मढ्याचं गाडं आनू नगंस!"

"काकी, बाजूला व्हा."

"न्हाई व्हनार. आधी माझ्यावर घाल ट्रॅक्टर. घाल! लाज न्हाई वाटत? त्याच संदुकीतनं माझ्या बागंला खत टाकलंस, आता माझी लेकरं न्हेतीस व्हय?"

"हुकूम हाय."

"हुकूम तुला व्हता का? दुसऱ्या कुनाला बोलवलं आसतं! तुलाच का खाज? तुझा तोल गेलाय गं, नवरा पडल्यापासनं. तुझ्यात जीव ऱ्हायला न्हाई. ऐक माझं, ह्याच संदुकीतनं तुलाबी न्हेतील येक दिस!"

बोळात माणसं जमली होती. सगळ्यांना वाटलं, आता स्तामेन्का उतरेल आणि दोघींची जुंपेल. बरंही वाटलं असतं. निदान ओरडाआरड झाली असती.

स्तामेन्का म्हणाली, "न्हेतील तर न्हेतील. पाय सांभाळा, मी मागं घेतीया."

आणि खरंच मागं घेऊ लागली. हळू, आरशात बघत. म्हातारीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि काठी खाली गेली. ती बाजूला सरली. भांडायला समोर कुणी नव्हतंच.

काकीची दोन डुकरं होती कागदावर. दोन्ही उचलली. माणसं गोठ्याला चुना मारत होती तोवर स्तामेन्का बागेतल्या हौदावर हात धुवायला गेली. बागेच्या कोपऱ्यात आलुबुखार वाळवायची जुनी मातीची खोली होती. उन्हाळ्यात तिथं कुणी फिरकत नाही. पण दाराशी ओला कोंडा सांडला होता. आत काहीतरी हललं आणि घशातून एक ओळखीचा हुंकार आला.

तिनं वळून पाहिलं. काकी मागं उभी होती. तोंड उघडं, डोळे तिच्या तोंडावर खिळलेले.

स्तामेन्काला सांगावंसंही वाटलं नाही आणि लपवावंसंही वाटलं नाही. तिनं हात झाडले आणि ट्रॅक्टरवर चढली.

खड्डा बुजला. गावाच्या दोन्ही तोंडांना औषधात भिजवलेली पोती अंथरली, त्यावरूनच गाड्या जायच्या. ठरलेल्या मुदतीत नवीन रोग निघाला नाही तर बंदी उठेल, मग पुन्हा पिल्लं आणता येतील, असं सांगून पांढऱ्या कपड्यांतली माणसं गेली. स्तामेन्कानं संदूक औषधानं धुतली, मग सोड्यानं धुतली, मग परत औषधानं. गावात एवढी शांतता कुणी अनुभवली नव्हती. सकाळी खाण्यासाठी होणारा तो कल्लोळच नाहीसा झालेला. बाया सवयीनं बादलीत साली टाकायच्या आणि मग ती बादली घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या.

ऑगस्ट लागल्यावर एका सकाळी काकी आली. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"मेली," ती म्हणाली.

स्तामेन्का तिहोमिरला भरवत होती. तिनं चमचा खाली ठेवला.

"कवा?"

"पहाटं. काल खाल्लं न्हाई. कान निळं पडलं हुतं." म्हातारी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "बागंत पुरू गं. आपन दोघीच. तुझ्या संदुकीतनं खोल खड्ड्यापतूर न्हेऊ, वरनं पाला टाकू. कुनाला कळतंय?"

"कुत्री उकरत्याल. रानडुकरं येत्याल नदीवरनं. आनि पसरंल परत."

"कळलं तर मुदत परत पैल्यापासनं धरत्याल. गाव मला जित्तं गाडंल."

"व्हय. गाडंल."

"तुला काय वाटत न्हाई का गं, पोरी?"

स्तामेन्कानं विचार करून पाहिला. आत हात घालून चाचपावं तसं. "न्हाई काकी," ती म्हणाली. "काय न्हाई वाटत. चला."

खिडकीशी पडलेल्या तिहोमिरनं घशातून काहीतरी आवाज काढला. काकीला कळलं नाही.

"काय म्हनतुया?"

"म्हनतुया, गावातनं न्ह्या. बागंच्या मागनं नगं."

आणि तसंच केलं. भर सकाळी, उजेडात, दुकानावरून. संदुकीत मेलेली डुकरीण, वर नुसतं एक पोतं, आणि मागं चालत वुकोसावा काकी, डोक्यावरचा रुमाल हनुवटीशी गच्च बांधून, मयताला चालावं तशी. माणसं फाटकाशी आली. काय झालं ते कुणाला सांगावं लागलं नाही. एकानं शिवी दिली.

वीटभट्टीवर सेलिमिर धावत आला. त्यानं आधीच जनावरांच्या डॉक्टरणीला फोन केला होता. काकीला काही बोलायचं धैर्य त्याला झालं नाही, म्हणून तो स्तामेन्काकडं वळला.

"तुला म्हाईत हुतं?"

काकी पटकन म्हणाली, "तिला काय म्हाईत? मी एकटीनं..."

"व्हतं," स्तामेन्का म्हणाली.

"आनि बोलली न्हाईस?"

"न्हाई."

"का? अगं का?"

"दमले हुते," ती म्हणाली.

मुदत पुन्हा पहिल्यापासून धरली. यंदाच्या हिवाळ्यात गावात डुक्कर पडणार नाही हे त्या दिवशी नक्की झालं. काकीला लोकांनी आठवडाभर शिव्या घातल्या. पण म्हातारी माणूस, जनावरावर जीव, आणि मुख्य म्हणजे भट्टी तिची. राग हळूहळू निवला. स्तामेन्कावर कुणी रागावलं नाही. तिच्या बाबतीत वेगळंच झालं. तिला हाक येणं बंद झालं.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग जळणाचा हंगाम आला आणि लोकांनी लाकडं खांद्यावरून वाहिली. रादेन्कोनं खत टाकायला शेजारच्या गावातून ट्रॉली आणली, ती बोळात अडकली, भिंत पडली, तरी त्यानं स्तामेन्काला सांगितलं नाही. दुकानात ती मीठ घ्यायला गेली तेव्हा पडद्यामागं दोघीजणी बोलत होत्या, त्यातली एक रादेन्कोची बायको.

"मका तिच्या संदुकीतनं? शी! मागनं आपनच खायाचा न्हवं?"

"किती का धुतली. त्यातनं काय काय गेलंय म्हाईत हाय न्हवं."

"आनि ती बाईच कशी झालीय बगितलीस का? तोंडावर काय दिसतच न्हाई. मला तर तिच्या समोरनं जायला नगं वाटतं."

स्तामेन्का मीठ घेऊन घरी आली आणि तिहोमिरला म्हणाली, "आपल्या संदुकीत कुनाला काय घालायचं न्हाई आता."

तिहोमिर कितीतरी वेळ तोंड हलवत राहिला. शेवटी शब्द बाहेर आले. "गरज... सरो. वैद्य... मरो."

"वैद्य कसला. ट्रॅक्टर हाय नुसता," ती म्हणाली आणि त्याची कूस बदलली.

ट्रॅक्टर छपरात उभा राहिला. छपराबाहेर राहिलेल्या संदुकीच्या तळाशी पावसाचं पाणी साचलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. सकाळी उठावं, नवऱ्याचं करावं, कोंबड्यांना टाकावं, झोपावं. सप्टेंबर आला तरी तिच्या जिभेला चव नव्हती. बीन्सचं सार करायची आणि मीठ घातलं की नाही ते तिहोमिरला विचारायची.

आलुबुखारं पिकली तेव्हा काकी पुन्हा आली. या खेपेला चपला एकसारख्या होत्या.

"ट्रॅक्टर काढ."

"कशाला?"

"बाग लवलीय समदी. पिंपात घालायची हायत. टोपल्यांनी वाहून माझं कंबरडं मोडंल."

"दुसऱ्या कुनाला सांगा, काकी. माझ्या संदुकीतनं..."

"मला दुसरं कुनी नगं," म्हातारी म्हणाली. "काढ म्हनते न्हवं?"

स्तामेन्कानं संदूक पुन्हा घासली. बागेत आल्यावर तिनं तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला. काकीनं तो ओढून काढला आणि कुंपणावर भिरकावला.

"काकी, निदान..."

"गप. कागद घातला तर त्यांचं खरं हाय म्हनल्यासारकं व्हईल."

दोघींनी झाडं हलवली. निळी, पावडर धरलेली फळं धडाधड पडली. टोपल्या भरभरून संदुकीत ओतल्या, नुसत्या पत्र्यावर. संदूक काठोकाठ भरली. पिंपं घराजवळ होती, बागेतून सरळ वाट होती. पण काकी ट्रॅक्टरच्या पायरीवर चढून, स्तामेन्काचा खांदा धरून म्हणाली, "दुकानावरनं घे."

"उलटं पडतंय की."

"पडू दे."

दुकानापुढं बाकावर माणसं बसलेली. रादेन्को होता, सेलिमिर होता. पडद्यामागच्या बायाही होत्या. काकीनं खांद्यावर थाप मारली. "थांबव. बंद कर."

ती उतरली. हात संदुकीत कोपरापर्यंत खुपसला, अगदी तळाचं, पत्र्याला चिकटलेलं एक फळ काढलं. पुसलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत खाल्लं आणि बी रादेन्कोच्या पायाशी थुंकली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "आता ऐका. यंदा माझ्या भट्टीवर पैली हीच चढनार. पैली राकिया ह्यांचीच. मागनं तुमची समद्यांची त्याच हंड्यात, त्याच नळीतनं. ज्याला कुनाला किळस येत आसंल त्यानं आपली आलुबुखारं घेऊन द्रिनेपल्याड जावं. पूल उघडा हाय."

"काकी, आमी काय म्हनलो का..." रादेन्को चाचरला.

"तू कवा काय म्हनतूस? डुकरं न्हेली तवा तू शेतावर पळाला हुतास. तुझा वराह कुनी न्हेला? ह्या बाईचा जीव जाता जाता ऱ्हायला तुझ्या वराहापायी! मी तिला नगं नगं ते बोलले. माझं पाप म्या लपिवलं आनि ते तिनं उजेडातनं न्हेलं. तुमी काय केलं?"

पडद्यामागची एक बाई आत गेली.

"चल गं," काकी पायरीवर चढली. "नाक दाबल्याबिगार ह्यांचं तोंड उघडत न्हाई. दाबलंय आता."

पिंपं भरली. फळं आंबत राहिली, फसफसली, वरचा फेस बसला. ऑक्टोबरच्या धुक्यात काकीच्या अंगणात भट्टी पेटली. सकाळपासून माणसं येऊ लागली. आधी बिचकत, एकेक, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन. डुकराविना हिवाळा काढायचा म्हणजे राकियाविना कसा काढणार? द्रिनेपल्याड कुणीही गेलं नव्हतं. लाकडं तडतडत होती, कुणी बटाटे निखाऱ्यात घातले होते, तांब्याच्या नळीतून पहिली धार बारीक, पाण्यासारखी नितळ पडत होती.

स्तामेन्का जळणाची खेप घेऊन आली होती. दोरी ओढून तिनं लाकडं भट्टीजवळ टाकली आणि परत जायला वळली.

"कुठं निघालीस? बस हितं."

काकीनं पहिली धार, ती विखारी म्हणून, फेकून दिली, मधली पेल्यात धरली आणि तो पेला सेलिमिरच्या पुढं झालेल्या हाताला वळसा घालून स्तामेन्काच्या हातात दिला.

"पी."

सगळे बघत होते. तिनं घोट घेतला. घसा पेटला, छातीत काहीतरी फाटत गेल्यासारखं उतरलं, डोळ्यांत पाणी आलं. ती खोकली.

"लागली का?" सेलिमिर हसून म्हणाला. त्यानं आपला पेला भरून घेतला, क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि एका दमात रिकामा केला. मग बाकीच्यांनी हात पुढं केले. थोड्या वेळात अंगणात आवाज वाढले. कुणीतरी गाणं धरलं आणि सोडून दिलं.

रादेन्को दोन पेल्यांनंतर तिच्याजवळ सरकला. "स्तामेन्के, परवा मोकळी हायस का? मका आनायचाय खालच्या रानातनं. पाऊस यायच्या आत..."

स्तामेन्कानं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटलं आपण नेहमीसारखं 'बरं' म्हणू. तोंडातून निघालं ते वेगळंच, आणि इतक्या मोठ्यानं की भट्टीजवळचे सगळे गप्प झाले.

"मका? माझ्या संदुकीतनं? आनि तुझी बायको खाईल का तो? शी म्हनंल न्हवं ती! दुकानात म्हनत हुती! तुझी बायको बर्फात त्याच संदुकीत वरडत हुती तवा आली न्हाई का शी? माझी डुकरीण मीच न्हेली रे! माझ्या पाठीला लागली ती पडताना! तुमची समद्यांची म्या न्हेली! कुनी इचारलं का मला? एकानं तरी? बस म्हनलं का, पानी पी म्हनलं का? आं?"

रादेन्कोनं पेला खाली ठेवला. धुक्यात त्याचा चेहरा लालबुंद दिसत होता.

"न्हाई इचारलं," तो म्हणाला. "चुकलं."

"चुकलं म्हनं!" ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. मग तिनं तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला तेव्हा तिलाच नवल वाटलं. "परवा दुपारी येते," ती म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता. "सकाळी जमनार न्हाई, तिहोमिरची अंघोळ असती. मका सोलून ढीग लावून ठेव. आनि भरायला बायकोला लाव. तिच्या हातानं भरू दे."

"ठेवतो."

"आनि पडलेली भिंत बोळातनं काढ आधी. मी काय उडून येऊ?"

कुणीतरी हसलं. रादेन्कोही हसला आणि लगेच थांबला. स्तामेन्का ओंडक्यावर बसली. उठबस करताना पेल्यातली राकिया सांडून तिच्या मांडीवर गेली. वुकोसावा काकीनं तो पेला तिच्या बोटांतून सोडवून घेतला, नळीखाली धरला आणि काठोकाठ भरून परत तिच्या हातात दिला.